चाकांवरचे घर ओढताना

व्यापारी घराला खरी सुटी मिळते ती हंगाम आवरल्यावर. आर्णी, दिग्रस, पुसद, यवतमाळ या पट्ट्यात कापूस आणि तुरीची आवक ओसरते, मुलांच्या परीक्षा संपतात, आणि मग घरोघरी यात्रेची बोलणी सुरू होतात. शिरपूर, कारंजा, भद्रावती, मुक्तागिरी ही जवळची स्थाने. हाती चार दिवस अधिक असतील तर कुंथलगिरी. अलीकडे या बोलण्यांत एक नवा विषय डोकावू लागला आहे. दारात चारही चाकांना ओढ असलेली दणकट एसयूव्ही उभी आहेच, तर तिच्यामागे एक कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, का जोडू नये?

या कल्पनेची ओढ समजण्यासारखी आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणारे आजी-आजोबा, उकळलेल्या पाण्याचा नियम, कंदमुळे वर्ज्य असलेला स्वयंपाक, गुडघेदुखीमुळे लागणारे कमोडचे शौचालय या साऱ्यांची सोय एका डब्यात होते. रस्त्यात जेवण कोठे मिळेल, ही चिंता उरत नाही. चुकते ते पुढे, गाडी निवडताना. इंजिन किती ताकदीचे, चिखलातून गाडी कशी निघते, एवढेच पाहिले जाते आणि ‘ही काय, दोन टनही ओढेल’ असा निर्वाळा दिला जातो. ओढेल, यात शंका नाही. परंतु ओढलेले आवरता येईल काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि घरातील माणसांची सुरक्षितता त्या दुसऱ्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

परदेशातील दोन दाखले येथे बोलके ठरतात. टोयोटा फॉर्च्युनर आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची. ऑस्ट्रेलियात तिची अलीकडची आवृत्ती ३,१०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू शकते, असे उत्पादकच सांगतो. मात्र ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. ब्रेक नसतील तर तीच गाडी, तेच इंजिन, आणि मर्यादा केवळ ७५० किलो. म्हणजे इंजिनाची ताकद तसूभरही कमी न होता मर्यादा चौथ्या हिश्श्याच्याही खाली येते. दुसरा दाखला अमेरिकेतील जीप रँग्लरचा. तिच्या दोन दारांच्या गाडीला अनेक वर्षे २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलोंची मर्यादा होती. चार दारांच्या गाडीला ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,६०० किलोंची. इंजिन तेच. मुख्य फरक पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराचा: एकीत सुमारे २४६ सेंटिमीटर, दुसरीत सुमारे ३०० सेंटिमीटर. आखूड गाडीला मागचे जड ओझे सहज हेलकावते. आपल्या तीन दारांच्या थारमध्ये हे अंतर २४५ सेंटिमीटर आहे, थार रॉक्समध्ये २८५. डोंगरात वळायला आखूड थार सोयीची खरी, पण कॅराव्हॅनपुढे जुंपण्यास ती योग्य नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशातील आकडे मात्र आपल्या गाडीला जसेच्या तसे लावू नयेत. भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत ओढक्षमता दिली असेल तर तीच प्रमाण. दिलेली नसेल, तर उत्पादकाकडून लेखी उत्तर मागावे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन अपघातानंतर विमा कंपनीपुढे टिकत नाही.

ज्यांच्या वाडवडिलांनी बंडीतून सरकी आणि कापसाचे बोद वाहिले, त्यांना पुढील गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. दोन चाकांची बंडी भरताना धुरकरी ओझे मागे जाऊ देत नसे. भार मागे गेला की बंडी उलाळ होते, जू बैलाच्या मानेवरून उचलले जाते आणि बैलाचा ताबा सुटतो. भार फार पुढे आला तर बैलाची मान दबते. एका आसाच्या कॅराव्हॅनचे गणित नेमके हेच आहे. बैलाच्या मानेच्या जागी गाडीच्या मागचा हुक येतो, इतकेच. भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाचा सुमारे दहावा ते सातवा हिस्सा त्या हुकावर पडावा, अशी अमेरिकेतील रूढ शिफारस आहे. युरोपात तो याहून कमी ठेवतात, कारण तेथील हुकांच्या मर्यादाच कमी असतात. हुकावरचा भार अपुरा असेल तर ताशी साठ-सत्तरच्या पुढे मागचे घर शेपटीसारखे डावीउजवीकडे हलू लागते आणि पुढच्या गाडीलाही फिरवते. लहान कॅराव्हॅनच्या कित्येक नमुन्यांत स्वयंपाकघर मागच्या टोकाला असते. तेथे पिठाचे डबे, तेलाचा पिंप, भांडी आणि गॅसची टाकी रचली, म्हणजे गृहिणीच्या नकळत बंडी उलाळ झाली. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, आणि भरलेली टाकी सुमारे तीस किलोंची भरते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ही ओझी आसाच्या वर किंवा किंचित पुढे, आणि शक्य तितकी तळाशी हवीत.

आता थोडा हिशेब. उदाहरणादाखल एक गाडी घेऊ: रिकामे वजन २,१०० किलो, उत्पादकाने ठरवलेले कमाल भरलेले वजन २,७०० किलो. म्हणजे वाहून नेण्यास ६०० किलो उरतात. घरातील सहा माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तर ३९० झाले. सामान ७०. हौसेने बसवलेले लोखंडी बंपर, छतावरचे कॅरिअर आणि विंच यांचे ६०. बेरीज ५२०. हजार किलोंच्या कॅराव्हॅनचा हुकावरील भार १०० किलो. तोही याच गाडीच्या पाठीवर पडतो. एकूण ६२०. कॅराव्हॅन अगदी हलकी निवडूनही गाडी वीस किलोंनी जादा भरली. ओढण्याची मर्यादा अजून लांब असताना वाहण्याची मर्यादा ओलांडली गेली, आणि बहुतेक कुटुंबांची गाडी येथेच अडते. जाहिरातीतील ओढक्षमता पाहून निश्चिंत झालेल्या माणसाच्या हे ध्यानीही येत नाही.

सुदैवाने आपल्या माणसांना वजनकाट्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ज्या काट्यावर कापसाच्या गाड्या तोलल्या जातात, त्याच काट्यावर हे काम अर्ध्या तासात होते. प्रथम पूर्ण टाकी, सामान आणि सर्व माणसे यांसह केवळ गाडी तोलावी. मग भरलेली कॅराव्हॅन सुटी करून, तिच्या पुढच्या छोट्या चाकासह तोलावी. तिसऱ्या खेपेला कॅराव्हॅन जोडून गाडीची चारच चाके काट्यावर घ्यावीत, कॅराव्हॅनची चाके काट्याबाहेर ठेवावीत. तिसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की हुकावरचा भार मिळतो; तिसरा आकडा गाडीच्या कमाल वजनाच्या आत हवा. ब्रिटनमध्ये नवख्या चालकाला सांगितले जाते की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी. आपले गतिरोधक, खड्डे आणि वाहतुकीची शिस्त पाहता मी तर मध्यम आकाराच्या एसयूव्हीमागे निम्म्याच्या वर जाऊ नये, असे म्हणेन.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि मागून हजार किलो ढकलत असतात. साध्या रचनेत गाडी मंदावली की कॅराव्हॅन पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. विजेवर चालणाऱ्या रचनेत चालकाजवळ नियंत्रक असतो. दोन्ही चालतील. हुक निसटला तर कॅराव्हॅनचे ब्रेक आपोआप लावणारी तार आणि आडवी बांधलेली साखळी या दोन्हीही हव्यात. पुसदच्या बाजूला रस्ता डोंगरातून जातो; तेथे उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, कारण ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ते तापून निकामी होतात. मागचे घर हेलकावू लागलेच तर स्टीअरिंग सरळ धरून हळूच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. जोराचा ब्रेक किंवा उलटसुलट वळवणे घातक ठरते. विजेचे ब्रेक असल्यास फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक हाताने लावता येतात, आणि तिला मागे ताणून सरळ करता येते.

एसयूव्ही हौसेने उंच केलेली असेल, तर ती सजावट येथे उलटते. उंच केलेल्या मऊ स्प्रिंगांवर हुकाचा भार पडला की मागचा भाग बसतो, पुढची चाके हलकी होतात, आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मोठ्या टायरांमुळे गिअरचे प्रमाण बदलते, इंजिनाला चढावर अधिक झगडावे लागते. चार चाकांच्या ओढीचा उपयोग निसरड्या चढावर कॅराव्हॅन मागे घेण्यापुरता होतो. आपल्या काळ्या मातीत पाऊस झाल्यावर तर तोही नाही. गाडी निघते, पण कॅराव्हॅनची दोन चाके मातीत रुततात आणि हुकावर ताण येतो. पावसाळ्यात तशीही चातुर्मासामुळे यात्रा थांबलेल्या असतात, हे बरेच.

कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. म्हणून कॅराव्हॅनची स्वतंत्र नोंदणी, स्वतःची नंबरपाटी, मागचे दिवे आणि स्वतंत्र विमा लागतो. यवतमाळचे परिवहन कार्यालय, ज्याच्या पाट्या एम. एच. २९ ने सुरू होतात, तेथे खरेदीपूर्वीच कागद दाखवून घ्यावेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या घडवणारे कुशल कारागीर आपल्या भागात गावोगावी आहेत. त्यांच्याकडून गाडीच्या चासीला हुक जोडून घेण्याचा मोह आवरावा. नोंदणीत नमूद असलेल्या गाडीत मूलभूत बदल करण्यास कलम ५२ ची आडकाठी आहे. शिवाय चासीवर चुकीच्या जागी दिलेला डाग तिचे लोखंड कमकुवत करतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हा हा छंद सरकारदरबारी अनोळखी राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांत हमखास घडेल, म्हणून ती ठळकपणे सांगणे भाग आहे. ‘बा थकले आहेत, मागे पलंग आहेच, जरा आडवे होऊ द्या’ असे कोणीतरी म्हणेल. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणालाही बसू वा झोपू देऊ नये, घटकाभरही नाही. तेथे सीटबेल्ट नसतात, भिंती हलक्या पत्र्याच्या किंवा फायबरच्या असतात, आणि आत काय घडते आहे ते चालकाला कळत नाही. चालताना आत स्वयंपाक तर मुळीच नाही. निघण्यापूर्वी गॅसची टाकी मुळाशी बंद करावी.

मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि व्यापाऱ्याची सुटी नेमकी तेव्हाच. इंजिन, गिअरपेटी आणि टायर तिघांवरही ताण येतो. पहाटे निघून दहा-अकराला थांबावे, पुन्हा चारनंतर निघून दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला हे वेळापत्रक जड जाऊ नये. अंधार पडल्यावर विना-दिव्यांच्या ट्रॉल्या दिसत नाहीत, आणि कॅराव्हॅन असताना ऐन वेळी बाजूला होता येत नाही. तीर्थक्षेत्री पोहोचल्यावर मंदिराच्या बोळात शिरू नये. कारंज्यासारख्या जुन्या गावात तर कॅराव्हॅन बाहेरच ठेवून पायी जावे. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना आधी फोन करून जागा विचारावी, आणि शौचालयाची टाकी कोठे रिकामी करायची तेही. उघड्यावर ती रिकामी करणे कोणत्याही यात्रेकरूला शोभत नाही.

घरात दोनच वृद्ध आणि त्यांना शौचालय-बिछान्याची निकड, तर ब्रेक असलेली, हजार किलोंच्या आतली छोटी कॅराव्हॅन हा चांगला पर्याय आहे. तेव्हा गाडीत चारच माणसे बसवावीत. सात-आठ जणांनी एकत्र निघायचे असेल, तर मोठ्या व्हॅनच्या चासीवर बांधलेली, स्वतःच चालणारी मोटार कॅराव्हॅन भाड्याने घेणे शहाणपणाचे. केवळ शुद्ध जेवणाची काळजी असेल, तर बहुतेक तीर्थांवर भोजनशाळा आहेत, आणि मधल्या मार्गासाठी शेगडी व डबे गाडीच्या डिकीतही मावतात.

कॅराव्हॅन घेतलीच, तर पहिली फेरी यात्रेची नसावी. आर्णीहून यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर आहे आणि रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, क्रमांक ३६१. आधी रिकामी कॅराव्हॅन जोडून रविवारी सकाळी तेथवर जाऊन यावे, मग पाण्याने आणि सामानाने भरून. मोकळ्या मैदानात उलट घेण्याचा सराव करावा: हात स्टीअरिंगच्या तळाशी ठेवला, तर हात जिकडे जातो तिकडेच कॅराव्हॅनची मागची बाजू वळते. यवतमाळला थांबल्यावर दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापले असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकला आहे. परतल्यावर चाकांचे नट पुन्हा पान्याने आवळावेत, कारण नव्या चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरच्या आतच सैल होऊ लागतात.