आकाशाच्या गणनेत कोण राहून जाते?

राजूर परिसरात पत्रिका घेऊन ग्रह विचारायला जाणारे अजून आहेत. आपण बौद्धांनी ते सोडले. मात्र आकाशाकडे पाहणे सोडू नये. तिथे एक प्रचंड गणना चालू आहे, आणि तिच्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. तिच्या प्रकाशाचा इंद्रधनुष्यासारखा वर्णपट काढला की तिचे अंतर कळते. एकेक दीर्घिका घेत बसलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून केसाएवढे बारीक काचेचे प्रकाशतंतू दुर्बिणीत बसवतात. एका तंतूला एक दीर्घिका.

अमेरिकेच्या स्लोन सर्वेक्षणात सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या तबकडीला भोके पाडून कामगार 640 तंतू हाताने खोचत. ॲरिझोनात, तोहोनो ओओधम आदिवासींच्या भूमीवरील किट पीक डोंगरावर, 2021 पासून 'डेसी' हे सर्वेक्षण सुरू झाले. त्यात 5000 तंतू आहेत. प्रत्येकाला छोटा यंत्रमानव हलवतो, पण ठरलेल्या लहान वर्तुळातच.

अडचण इथेच आहे. दीर्घिका वस्ती करून राहतात. विरळ भागात तंतूला काम नसते, दाट वस्तीत एका तंतूमागे तीन-तीन उमेदवार. शेजारचे यंत्रमानव धडकूनही चालत नाही. मग दाट वस्तीतल्याच दीर्घिका राहून जातात आणि नकाशा खोटा निघतो.

मोजणीत कमी दिसणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. 1932 साली लोथियन समितीच्या कामात अस्पृश्यांची संख्या कमी दाखवण्याचे प्रयत्न झाले. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी त्यांना ठाम विरोध केला.

डेसीचे शास्त्रज्ञ काय करतात? प्राधान्यक्रम आधीच ठरवतात. बरोबरी झाली तर संगणक चिठ्ठी टाकतो. त्याच आकाशावर पुन्हा फेरी होते आणि राहिलेल्यांना संधी मिळते. काही तंतू मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे रोखतात, म्हणजे आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करता येतो. शेवटी ही सोडत संगणकावर शंभराहून अधिक वेळा पुन्हा काढतात. जिला संधी कमी होती, तिचे वजन हिशेबात वाढवतात.

असे काम आपल्याकडेही आहे. 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या 'आयुका' संस्थेने उत्तराखंडातील देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीसाठी 'डॉटिफ्स' हे यंत्र आखले. त्यात 144 तंतूंचे 16 जुडगे, म्हणजे 2304 तंतू. कोणता जुडगा कोणत्या दीर्घिकेवर न्यायचा, हा वाटपाचा प्रश्न तिथेही आहेच.

साधने नेहमीच अपुरी असतात. म्हणून वाटपाचा नियम उघड हवा आणि राहून गेलेल्याची नोंद वहीत हवी. आपल्या मुलामुलींनी हे गणित शिकावे. ते आकाशातही लागते आणि वस्तीतही. जयभीम!