आधी धड, मग पाऊल

‘आमचे मूल चालेल केव्हा?’ सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाच्या पालकांच्या ओठांवर सर्वप्रथम हाच प्रश्न येतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र पुष्कळदा आधी मुलाला बाकावर बसवतात, आपल्या हातांचा आधार हळूहळू सैल करतात आणि ते किती वेळ तोल सांभाळते हे पाहतात. त्यांचे लक्ष धडाकडे असते.

या विकारात वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मवेळी किंवा अगदी लहानपणी इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र वाढते, आणि त्याबरोबर स्नायूंचे प्रश्न बदलत जातात. अनेक मुलांचे हातपाय ताठर, तर पाठ आणि पोट लुळे असते. पडू नये म्हणून ज्याला दोन्ही हात जमिनीला टेकून बसावे लागते, त्याचे हात खेळायला किंवा लिहायला मोकळे कसे राहणार? गिळण्याचेही तसेच. धड कोसळलेले आणि मान मागे गेलेली असताना भरवलेला घास श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

आपल्या मुलासाठी नेमके व्यायाम तज्ज्ञांनीच ठरवावेत. त्यांचे स्वरूप मात्र आपणास ठाऊक असावे. मुलाला छोट्या चौरंगावर असे बसवावे की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. मग आवडते खेळणे हात लांबवल्यावरच मिळेल इतक्या अंतरावर, कधी समोर, कधी बाजूला धरावे. ते घेताना धड कलते आणि पुन्हा मध्यावर येते. व्यायाम खरा तो एवढाच. सुरुवातीला आपला आधार छातीपाशी असतो, पुढे कमरेपाशी, नंतर केवळ नितंबांपाशी. हात जितका खाली सरकेल तितके काम मुलाकडे जाते. घरातला लोडही उपयोगी पडतो: त्यावर घोड्यासारखे बसवावे, किंवा छातीखाली घेऊन पालथे झोपवावे, म्हणजे मूल मान उचलू लागते. जेवण होताच मात्र हे करू नये.

तेलाच्या मालिशने मुलाला बरे वाटत असेल तर ती जरूर करावी, पण तिने धडाला बळ येत नाही. बळ येते ते मुलाने स्वतः केलेल्या हालचालीने. म्हणूनच आठवड्यातून एकदा दवाखान्यात घालवलेल्या तासापेक्षा अंघोळ, कपडे, जेवण यांत रोज विखुरलेली दहा-दहा मिनिटे मला अधिक मोलाची वाटतात.

आता कठीण गोष्ट. हालचालींच्या क्षमतेनुसार या मुलांचे 5 स्तर मानले जातात. दोन वर्षांच्या सुमारास जी मुले आधाराविना बसतात, त्यांपैकी बहुतेक पुढे चालू लागतात. पाचव्या स्तरातील मुलांना मात्र मानही सावरणे अवघड जाते. तेथे चालण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर सावध राहावे. अशा मुलासाठी नीट बेतलेली आधाराची खुर्ची ही हार नव्हे. तीत बसून ते समोरच्या माणसाकडे पाहू शकते, घरच्यांच्या पंगतीत जेवू शकते.

आणि एक. लंगोट बदलताना मांड्या पूर्वीसारख्या फाकत नसतील, किंवा पाठीचा कणा एका बाजूला झुकलेला दिसत असेल, तर व्यायाम वाढवत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. खुब्याचा सांधा हळूहळू निखळत असताना मूल रडेलच असे नाही. ते एक्स-रेमध्येच कळते.