खांदेमळणी माणसांची

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा कोमट पाण्यानं शेकतात आणि त्यावर हळद-तूप चोळतात. कुठे याला खांदेमळणी म्हणतात, कुठे खांदशेकणी. मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बैलाला रीतसर आवतण दिलं जातं. शिंगांचा रंग, पाठीवरची झूल, गळ्यातल्या घुंगरमाळा हा सगळा थाट उद्याचा. पहिला मान खांद्याचा, कारण वर्षभर जू तिथं टेकलेलं असतं.

मृद्-जलसंधारणाचं काम करणाऱ्या संस्थांमध्ये दिवाळी जवळ आली की 'यंदा टीमसाठी काहीतरी करू या' असा विषय हमखास निघतो. अशा एका संस्थेत मी काही वर्षं काढली आहेत. आमच्याकडं दर वेळी मिठाईचा पुडा, 'आपण सगळे एक कुटुंब' असं भाषण आणि ग्रुप फोटो एवढ्यावर काम भागायचं. थोडक्यात, आम्ही झूल घालून मोकळे व्हायचो. खांदा कुणाचा सोलवटला, हे बघायचं राहूनच जायचं.

भार दर हंगामाला खांदा बदलतो

पाणलोटाच्या कामाचं वर्ष कॅलेंडरप्रमाणं चालत नाही. खरिपाची काढणी उरकली की शिवारफेऱ्या सुरू होतात, मोजमापं होतात, आणि मग मेअखेरपर्यंत चर, बांधबंदिस्ती, दगडी बांध, माती नालाबांध. या दिवसांत भार असतो रानातल्या कार्यकर्त्यांवर आणि मजुरांवर. मार्च आला की तो हिशेबाच्या टेबलावर सरकतो: मस्टर, व्हाउचर, विनियोग प्रमाणपत्रं. जूनमध्ये रोपवाटिका सांभाळणाऱ्यांना जेवायला फुरसत नसते. पावसाळाभर गावातला एक माणूस रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचं नरसाळं काढून पाणी मोजतो आणि वहीत लिहितो. पाऊस पडला नाही तरी शून्य लिहावंच लागतं. ऑक्टोबरात पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो आणि तो त्याच वहीवर उभा राहतो.

म्हणून वर्षातून एकदाच, एकाच दिवशी, सगळ्यांचे सारखेच आभार मानले की ते कुणालाच नीट लागत नाहीत. दिवाळीतल्या आभारात हिशेबनीसाचा मार्च कोणाला आठवतो? त्यापेक्षा आपल्याकडं सणांची सोय आहे. ते शेतीच्या कामावर बेतलेले असल्यानं जमिनीचं काम करणाऱ्या संस्थेला जवळपास जसेच्या तसे लागू पडतात.

पहिलं पाणी

सलग समतल चर साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असतो. दहा मीटर लांबीचा चर खोदायचा म्हणजे १.८ घनमीटर माती-मुरूम उपसायचा. वजनात सांगायचं तर अडीच टनांच्या आसपास, तेही एप्रिलच्या उन्हात. तो एकदा भरला की अठराशे लिटर पाणी उतारावर थबकतं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हे गणित कार्यकर्त्यांना पाठ असतं. तरी पहिला मोठा पाऊस झाल्यावर भल्या सकाळी चिखल तुडवत माथ्यावर जाऊन भरलेले चर डोळ्यांनी पाहणं, याची सर त्या गणिताला नाही. त्या सकाळी ऑफिसातल्या माणसांनाही गाडीत घालून न्यावं. वर्षभर ज्यांनी हे चर फक्त एक्सेल शीटमध्ये पाहिले, त्यांच्यासाठी याहून चांगली भेट मला तरी सुचत नाही.

नालाबांध तुडुंब भरला की जलपूजन होतं. खण-नारळानं पाण्याची ओटी भरतात. ही ओटी बहुधा पाहुण्या पुढाऱ्यांच्या हस्ते भरली जाते आणि ज्या बायांनी डोक्यावरून घमेली वाहिली, त्या पदर सावरत मागं उभ्या असतात. पाहुण्यांना बोलावू नये असं नाही. निधीसाठी तेही लागतं. पण नारळ कोणाच्या हातात द्यायचा, हे तर संस्थेच्या हाती असतं.

खंडेनवमी

नवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा होते. आमच्या गोदामात टिकाव, फावडी, पहारी धुऊन मांडत. शेजारी समपातळी शोधायची साधनं: ए-फ्रेम आणि पाण्याच्या नळीचा हायड्रोमार्कर. ए-फ्रेम म्हणजे दोन पाय, एक आडवी पट्टी आणि वरून सोडलेला ओळंबा. दोरी पट्टीवरच्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत आले असं समजायचं. अशिक्षित म्हणवणारी म्हातारीही तासाभरात हे शिकते आणि डोंगरभर समपातळी रेषा आखत जाते. एका वर्षी त्या खुणेवरही कुंकवाचा ठिपका कोणीतरी लावला होता, मला तो फार आवडला.

त्याच वर्षी गोदाम सांभाळणाऱ्या काकांनी आपली वही आणून पूजेत ठेवली. कोणत्या गावात कोणत्या टिकावाचा दांडा मोडला, कधी बदलला, कोणी परत आणून दिला, सगळं तारीखवार. संचालकांनी ती सहज उघडली आणि उभ्याउभ्या मोठ्यानं वाचायला लागले. दहा मिनिटं तेच चाललं होतं. गावांची नावं येत गेली, हशा पिकला, 'तो दांडा मीच मोडला' अशा कबुल्या झाल्या. काका काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसत राहिले. त्या वर्षी भाषण झालंच नाही आणि कोणाला त्याची उणीवही भासली नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आपट्याचं सोनं. जमीन आणि झाडं राखणाऱ्या संस्थेनं आपट्याच्या फांद्या ओरबाडू नयेत हे उघड आहे. शिवाय बाजारात आपटा म्हणून जे विकलं जातं, ते पुष्कळदा कांचनच असतं. पानाऐवजी रोप द्यावं असं हल्ली सांगितलं जातं. कल्पना छान आहे, पण ऑक्टोबरात लावलेल्या रोपाला मेपर्यंत पाणी घालणार कोण? रोप रोपवाटिकेतच सहकाऱ्याच्या नावानं वाढू द्यावं आणि मृगात त्याच्या हातानं लावावं.

'आभार कसले मानताय?'

मराठीत जवळच्या माणसाचे तोंडावर आभार मानले की तो अवघडतो. 'परकं केलंत होय' असं म्हणतो. म्हणून आपल्याकडं कौतुक बहुधा वळसा घालून जातं. माणूस समोर बसलेला असताना तिसऱ्यालाच सांगायचं: 'ताईंनी त्या रात्री फोन केला नसता, तर सांडवा गेला होता.' ताई मान खाली घालून चहा पितात. आभार पोचलेले असतात.

असं वाक्य बोलायचं तर तपशील ठाऊक असावा लागतो. 'सर्वांच्या अथक परिश्रमामुळे' हे कोणालाही, कशाबद्दलही म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. कोणती रात्र, कोणता बांध, कोणती पावती, हे सांगितलं तरच आभार पोचतात. शाल, श्रीफळ आणि मोमेंटोला माझा विरोध नाही. पण माणूस तो मोमेंटो घरी कपाटावर ठेवतो आणि त्याच्याबद्दल तिसऱ्यासमोर बोललेलं वाक्य बायको-मुलांना सांगतो.

श्रमदानाच्या गावात आणखी एक पेच असतो. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजारपासून, फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये उभ्या केलेल्या 'वॉटर' (WOTR) या संस्थेपर्यंत, आणि पुढं २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धा भरवणाऱ्या पाणी फाउंडेशनपर्यंत, गावाचे स्वतःचे हात हा या कामाचा पाया राहिला आहे. तिथं संस्थेनं 'आम्ही तुमचे ऋणी आहोत' म्हणावं, की गावानं? जमीन त्यांची, घाम त्यांचा. संस्थेच्या माणसांनी तिथं थोडं पाहुण्यासारखं वागलेलं बरं.

आधी पगार

अनुदानाचा हप्ता रखडला की पगार थांबतो, प्रवासबिलं अडकतात. अशा वेळी मनःपूर्वक आभाराचं पत्र वाटलं तर ते जखमेवर मीठ ठरतं. खळ्यावर बलुत्याचं माप घालतानाही गोड बोललं जायचंच. पण माप किती घालायचं, हे घालणाराच ठरवायचा. ती गोडी संस्थांनी पुन्हा आणू नये. बिल वेळेत निघालं तर त्यासोबत दोन ओळींची चिठ्ठी शोभते. चिठ्ठी एकटी नको.

येळवस

लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळ अमावास्या असते, बोलीत येळवस. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, शहरं ओस पडतात आणि सगळे रानात जातात. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते. शेतात कडब्याची कोप करून तिच्यात पांडव मांडतात, पूजा करतात, आणि मग जेवण: भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. हे आभार काळ्या आईचे, आणि तेही पीक हाती येण्याआधीच मानलेले.

त्या भागातल्या संस्थेला सहकाऱ्यांसाठी निराळं स्नेहभोजन ठेवायची गरजच नसते. एका येळवशीला आम्ही सगळे संस्थेच्या एका गावपातळीवरच्या सेवकाच्या रानात गेलो होतो. तिथं यजमान तो. संचालक, ड्रायव्हर, हिशेबाचे सर, सगळे एका पंगतीत भुईवर बसले. त्याची आई आंबिलीचं मडकं घेऊन वाढत होती. प्रत्येकापाशी थांबून लेकाला विचारायची, 'हे कोण?' तो कोणाचा हुद्दा सांगत नव्हता. 'हे गाडीवाले मामा, त्या पुरात यांनीच आम्हाला नाल्यापलीकडं सोडलं.' हिशेबाच्या सरांपाशी आल्यावर म्हणाला, 'यांच्यामुळं बायांची मजुरी दर शनिवारी हातात पडायची.'

म्हातारीनं सरांकडं नीट पाहिलं. मग मागं वळून सुनेला म्हणाली, 'ह्यांच्या पानात भज्जी कमी दिसतीया गं.'