म्हातारपणीची हाडे आणि ताकदीची पुडी



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यास आम्ही खजरान्यात जातो. मागे एका घरी आजींना सारख्या उलट्या होत होत्या, शौचास साफ होत नव्हते, बोलणेही भरकटत होते. उशाशी 'ड' जीवनसत्त्वाच्या रिकाम्या पुड्या पडल्या होत्या. ६०,००० युनिटची ती पुडी आठवड्यातून एकदा घ्यावयाची. आजी रोज घेत होत्या. "फादर, ताकदीचीच ना ती? रोज घेतली तर लवकर गुण येईल." इस्पितळात रक्तातील कॅल्शियम फार वाढलेले निघाले. देवकृपेने त्या सावरल्या.

'ड' जीवनसत्त्व अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात घेण्यास मदत करते. परंतु ते शरीरातील चरबीत साठून राहते. फाजील झाले तर लवकर बाहेर पडत नाही व मूत्रपिंडास इजा करते. २०१० साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, तर त्यांचे पडणे व हाडे मोडणे उलट वाढले. २०२२ साली अमेरिकेतील २५,८७१ जणांच्या अभ्यासात, रोज २,००० युनिट घेऊनही धडधाकट माणसांची हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही. मात्र ज्यांच्यात खरोखर कमतरता आहे किंवा ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांना डॉक्टर औषध देतात. ते सांगितल्याप्रमाणेच घ्यावे, आपल्या मनाने बंदही करू नये.

मग घरी काय करावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांस रोज १,००० मिलिग्रॅम व पाळी गेलेल्या स्त्रियांस १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. १०० ग्रॅम गव्हात ते ४० मिलिग्रॅमच्या आसपासच असते. नाचणीत सुमारे ३५०, तर सालीसकट तिळात १,२०० हून अधिक. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिळते. म्हणून नुसत्या पोळीवर म्हाताऱ्यांचे भागत नाही. दूध, दही, ताक, तिळाची चटणी, पालेभाजी, डाळ रोज द्यावी.

हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसावे; काचेआडच्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. म्हातारी कातडी हे जीवनसत्त्व कमी बनवते, तेव्हा अंगणात बसूनही कमतरता राहू शकते. रोज चालावे. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवावा, शेवाळ घासून काढावे, डोळे तपासून घ्यावेत. खुब्याचे हाड बहुधा पडूनच मोडते.

शेवटी एक गोष्ट मनाला लागते. गोठ्यातले सगळे दूध डेअरीला जाते आणि ज्या आजीने ती जनावरे वाढवली, तिच्या वाट्याला कोरा चहा येतो. आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपण लहानपणीच धर्मशिक्षणात पाठ केली आहे. उद्या दूध काढल्यावर पहिला पेला घरातील म्हाताऱ्यांच्या हाती द्या. आणि आजच त्यांच्या उशाशी कोणती पुडी आहे, ती कधी घ्यावयाची, हे वाचून पाहा.