सर्दीची गोळी आणि डॉक्टरची चिठ्ठी

पावसाळ्याच्या तोंडीं वर्गांत शिंकांचा गजर सुरू झाला म्हणजे घरोघर आल्याचा व गवती चहाचा काढा चुलीवर चढतो. त्यानें भागलें नाहीं तर कोणी तरी कोपऱ्यावरच्या दुकानांतून चार गोळ्या आणून देतो, आणि दोन दिवसांत मूल पुन्हां शाळेंत येतें. अशा साध्या गोळीसाठीं सरकारनें कायदा करावा, डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून ती कोणासहि मिळूं नये असें ठरवावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत १ जुलै २००६ पासून २०२१ अखेरपर्यंत असाच कायदा चालू होता. तो कां झाला व कां उठविला गेला, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि समजून घेण्यासारखें आहे. कारण थोड्या दुष्टांस आवरण्यासाठीं पुष्कळ निरपराध्यांस किती त्रास द्यावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

कथेचा आरंभ एका झुडपापासून होतो. एफेड्रा नांवाची ही वनस्पति थंड व कोरड्या डोंगराळ प्रदेशांत उगवते. हिमालयांतहि तिच्या कांहीं जाती आढळतात. चिनी वैद्य तिला 'मा हुआंग' म्हणतात व दम्यावर आणि खोकल्यावर ती प्राचीन काळापासून देत आले आहेत. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनीं १८८५ सालीं तिच्यांतून एफेड्रिन हें सत्त्व वेगळें काढलें. पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष त्याकडे वेधलें तें मात्र १९२४ च्या सुमारास, पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील चेन व श्मिट ह्या संशोधकांनीं त्याचे गुण प्रसिद्ध केले तेव्हां. (तें महाविद्यालय १९०६ सालीं अनेक ख्रिस्ती मिशनांनीं मिळून स्थापिलें होतें, हें सहज सांगावेंसें वाटतें.) एफेड्रिनचेंच भावंड स्यूडोएफेड्रिन. नाकाच्या आंतील सुजलेल्या रक्तवाहिन्या तें आकुंचित करतें, आणि चोंदलेलें नाक मोकळें होतें.

पण त्याच नागाई यांनीं १८९३ सालीं एफेड्रिनपासून मेथॲम्फेटामाइन नांवाचें दुसरें द्रव्य तयार केलें. दोहोंच्या रेणूंत भेद अवघा एका ऑक्सिजनच्या अणूचा. परिणामांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर! हें द्रव्य झोप व भूक मारतें, थकलेल्या मेंदूस चाबूक मारून धांवावयास लावतें, आणि ज्यास त्याची चटक लागली त्याचें शरीर व विवेक हीं दोन्हीं खचत जातात. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन व जपानी सैनिकांस जागें ठेवण्यासाठीं तें वाटलें जाई. युद्धानंतर जपानांत त्याच्या व्यसनाची एवढी सांथ पसरली कीं १९५१ सालीं तेथें स्वतंत्र कायदा करावा लागला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम व मध्य भागांतील खेड्यापाड्यांत ह्या विषाच्या चोरट्या भट्ट्या निघाल्या. त्यांचा कच्चा माल म्हणजे दुकानांत उघड्यावर मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. भट्टी लागे ती पुष्कळदां राहत्या घरांत, आणि त्या घरांत मुलें असत. जेथें तीं रांगत, जेवत व निजत, तेथेंच विषारी वाफा भिंतींत व अंथरुणांत मुरत. स्फोट होऊन माणसें भाजत. छापा घालावयास येणारे पोलीस नखशिखांत संरक्षक पोषाख घालून येत, आणि त्याच घरांतून आणलेल्या लेंकराच्या अंगावर साधा सदरा असे! त्याची खेळणींहि विषानें माखलेलीं म्हणून मागें ठेवावीं लागत. ह्या कायद्याविषयीं बोलतांना हें चित्र डोळ्यांआड करून चालणार नाहीं.

प्रथम २००४ सालीं ओक्लाहोमा राज्यानें ह्या गोळ्या मांडणीवरून उचलून विक्रेत्याच्या पाठीमागें ठेवविल्या. २००६ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला: एका माणसास एका दिवसांत ३.६ ग्रामहून अधिक द्रव्य विकूं नये, तीस दिवसांत त्यानें ९ ग्रामहून अधिक विकत घेऊं नये, ओळखपत्र पाहावें, वहींत सही घ्यावी. ह्या निर्बंधानें भट्ट्या एकदम उतरल्या. पण लबाडास पळवाट शोधावयास वेळ लागत नाहीं. दहा माणसें दहा दुकानांत पाठवावीं, प्रत्येकानें थोडथोड्या गोळ्या घ्याव्या, म्हणजे कायदाहि मोडत नाहीं व मालहि जमतो. म्हणूनच ऑरेगननें डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली, आणि २०१० सालीं मिसिसिपी राज्यानें तिचें अनुकरण केलें.

परिणाम काय झाला? ऑरेगनांत २००४ सालीं भट्ट्यांचीं ४६७ प्रकरणें उघडकीस आलीं होतीं. २०११ सालीं अवघीं ९. आकडे पाहून कोणासहि टाळी वाजवावीशी वाटेल. पण गणिताचा शिक्षक विद्यार्थ्यास विचारतो तसा प्रश्न येथें विचारला पाहिजे: हा उतार चिठ्ठीमुळेंच झाला काय? त्याचा बराच भाग चिठ्ठीची अट अमलांत येण्यापूर्वींच पडला होता. आणि शेजारच्या ज्या राज्यांत चिठ्ठी लागत नसे तेथेंहि भट्ट्या कमी झाल्याच. शिवाय भट्ट्या विझल्या, पण व्यसन विझलें नाहीं. मेक्सिकोंतील टोळ्यांनीं मोठे कारखाने उभारले. त्या देशानें २००८ सालीं स्यूडोएफेड्रिनवर बंदी घातली तेव्हां त्यांनीं निराळ्याच रसायनांपासून तेंच विष बनविण्यास आरंभ केला, आणि तें ऑरेगनांतहि येऊन पोहोंचलें.

इकडे प्रामाणिक रोग्याची मात्र ओढाताण होत राहिली. ज्या देशांत डॉक्टरची एक भेट गरिबाच्या खिशास जड जाते, तेथें पडशासाठीं कोण जाणार? पुष्कळांनीं बिनचिठ्ठीची दुसरी गोळी घेतली. औषधें बनविणाऱ्यांनींहि देशभर स्यूडोएफेड्रिनच्या जागीं फेनिलेफ्रिन घातलें होतें. पण २०२३ सालीं अमेरिकेच्या औषध खात्याच्या सल्लागारांनीं एकमतानें सांगितलें कीं, तें पोटांत घेतल्यानें चोंदलेलें नाक मोकळें होतच नाहीं. म्हणजे इतकीं वर्षें लोक पैसे देऊन निरुपयोगी गोळी गिळीत होते! हेंच फेनिलेफ्रिन आपल्याकडील मुलांच्या सर्दीच्या औषधांतहि असतें. क्लोरफेनिरामाइनबरोबरचें त्याचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊं नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा हुकूम डिसेंबर २०२३ मध्यें भारताच्या औषधनियंत्रकांनीं दिला, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

ऑरेगन व मिसिसिपी ह्या दोन्ही राज्यांनीं १ जानेवारी २०२२ पासून चिठ्ठीची अट काढून टाकली. ओळखपत्र व नोंद तेवढीं ठेविलीं. आमच्या मतें अट घालणारे निर्दय नव्हते आणि काढणारे भित्रे नव्हते. घरांत मुलें भाजत होतीं तोंवर थोडी गैरसोय मागणें न्याय्य होतें. मूळ कारणच सरहद्दीपलीकडे गेल्यावर तीच मागणी चालू ठेवणें न्याय्य नव्हतें.

आपल्या देशांत प्रश्नाचें स्वरूप निराळें आहे. एप्रिल २०१६ मध्यें ठाण्याच्या पोलिसांनीं सोलापूरजवळच्या एका औषधकारखान्यांतून कित्येक टन एफेड्रिन जप्त केलें, हें वृत्त पालकांस आठवत असेल. चार-चार गोळ्या गोळा करून हा सांठा झालेला नव्हता. पोत्यांनीं भरलेला माल तेथें होता. २०१३ च्या केंद्रीय आज्ञेप्रमाणें एफेड्रिन व स्यूडोएफेड्रिन बनविणाऱ्यांस व त्यांचा व्यापार करणाऱ्यांस अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे नोंदणी करून मालाचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब तपासणाऱ्याचें काम अवघड आहे व कंटाळवाणेंहि आहे. तथापि तें नीट झालें तर पडशानें बेजार झालेल्या माणसास दुकानदारापुढें आपण चोर नाहीं हें सिद्ध करावें लागत नाहीं.