न उघडलेलं स्टेशन : पाचोरा-जामनेरची गोष्ट

आज आम्ही एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करणार आहोत. गाडी येत नसेल, तर स्टेशनला स्टेशन म्हणायचं का?

आमच्या डोळ्यांसमोर आहे शेंदुर्णी. पाचोरा ते जामनेर या ५६ किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावरचं हे स्टेशन. जळगाव जिल्ह्यात या गाडीला सगळे 'पीजे' म्हणतात. १९१९ च्या सुमारास ती सुरू झाली. कपाशीचा मुलूख पाचोऱ्याच्या मोठ्या लाईनला जोडायचा, हा उद्देश.

मग रूळ अरुंद का? कारण खर्च. मोठ्या लाईनच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं, इथे ७६२. भराव कमी, रूळ हलके, वळण कसंही घेता येतं. पण बघा, पाचोऱ्याला प्रत्येक गाठोडं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावं लागे. बांधताना वाचलेला पैसा रोजच्या हमालीत जायचा. पुढे ट्रक आले, ते थेट जिनिंगच्या दारात. माल गेला, माणसं राहिली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. शेजारची चाळीसगाव-धुळे गाडीही थांबली. ती शाखा १९०० सालची, म्हणजे पीजेहून जुनी. पण ती ब्रॉडगेज, म्हणून पुन्हा सुरू झाली. पीजे झाली नाही. हा मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं आहे. ते चांगलंच आहे, आमचा विरोध नाही.

आमचा मुद्दा वेगळा आहे. 'बंद केली' आणि 'सुरू केली नाही' यांत फरक आहे. बंद करणाऱ्याला कारण द्यावं लागतं, त्याच्याशी भांडता येतं. 'तात्पुरती स्थगित' या शब्दांशी भांडणार कसं? शेंदुर्णीहून पाचोऱ्याला कॉलेजला जाणारी मुलगी, पहूरच्या बाजाराला टोपली घेऊन निघालेली बाई, यांच्यासाठी 'तात्पुरतं' म्हणजे किती दिवस? पदवीची तीन वर्षं तर गेलीसुद्धा.

'स्थानक' शब्दात 'स्था' धातू आहे, म्हणजे थांबणं. पण थांबण्याला अर्थ येतो तो काहीतरी येणार या भरवशामुळे. तो भरवसा असेल, तर गाडी नसतानाही ते स्टेशनच. तो गेला, की उरतात चार भिंती आणि गावाच्या नावाची पाटी.

म्हणून नवे रूळ पडतील तेव्हा आपण एवढंच विचारायचं : मधल्या गावांत गाडी थांबणार ना? आणि तोवर लोकांनी जायचं कसं?