फाटक उघडं ठेवताना

2024 ची बकरी ईद 17 जूनला, पावसाच्या दिवसांत आली. पाहुण्यांसाठी फाटक सताड उघडं होतं, मागे नेहमीचा चिऱ्याचा तुकडा. समुद्रावरून जोराचा वारा आला, ओल्या जमिनीवर दगड सरकला आणि फाटक धाडकन आपटलं. सहा वर्षांच्या भाच्याची दोन बोटं सापडली. हाडं वाचली, अलहम्दुलिल्लाह. एक नख गेलं. घरात जो तो 'तकदीर' म्हणत होता. तकदीर खरीच, पण आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, हेही आपल्याला शिकवलंय. आम्ही उंट बांधलाच नव्हता.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पत्रा ठोकलेलं फाटक तर शिडासारखा वारा धरतं. गजांचं त्यामानाने कमी. वेल्डिंगवाल्याकडून फाटकाला खाली सोडायची कडी बसवून घेतली. फाटक उघडून जिथे थांबतं तिथे काँक्रीटमध्ये पाइपचा तुकडा पुरला. कडी त्यात उतरते. पाइपच्या तळाशी खडी घातली, नाहीतर पाणी साचून कडी गंजते. शिवाय गडग्यात एक आकडा, बिजागरीपासून होईल तितका लांब. बिजागरीजवळ अडवलेलं फाटक वारा सहज हिसकावतो. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, म्हणून सगळं गॅल्वनाइज्ड घेतलं. (सुतळीचा प्रयोग आमच्याकडेही होऊन गेलाय. एक पाऊसही टिकली नाही.)

वादळाचं वेगळं. 16 मे 2021 ला तौक्ते आलं, तसा इशारा असेल तर फाटक उघडं ठेवायचंच नाही. बंद करून कड्या घालायच्या.

एरवी आकडा लागलाय का, हे आता भाचाच आधी पाहतो. मग नवं नख दाखवतो.